ते येऊ देत, मग जेवते

मला काहीही झालेलं नाही. रत्नागिरीबाहेर, भाट्याच्या पुलापलीकडच्या या घरात आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की आता माझाच त्याच्यावरचा विश्वास उडत चाललाय. इथे आम्ही डझनभर म्हातारे-म्हाताऱ्या राहतो. बहुतेकांची आठवण गेलेली आहे, उरलेल्यांची जाण्याच्या वाटेवर आहे. माझी बायको पहिल्या गटातली. मी कुठल्याच गटातला नाही, मी नुसता सोबत म्हणून आलोय, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दूधवाल्याला सांगतो, गॅसवाल्याला सांगतो. दोघंही "हो काका, हो" म्हणतात आणि हे घर चालवणाऱ्या सिस्टरकडे बघून हसतात.

पहिल्याच दिवशी या सिस्टरनं सगळ्यांसारखा एक पट्टा माझ्याही मनगटाला बांधला. त्यावर घराचा पत्ता आणि फोन नंबर. मी हात मागे घेतला. म्हटलं, हा हिच्यासाठी ठीक आहे, मला कशाला? सिस्टर म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा, काका." मी एसटीत कंडक्टर होतो. दारात लोंबकळणाऱ्या माणसांना हेच वाक्य ऐकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी गुपचूप हात पुढे केला.

त्या पट्ट्यानं माझी अब्रू लवकरच घालवली. एका संध्याकाळी मी सुरूच्या बनातून फिरून रस्त्याला लागलो आणि डावीकडे जायचं ते उजवीकडे वळलो. म्हणजे चुकलो नव्हतो, जरा आणखी चालायचं होतं. एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला. त्यानं माझं मनगट बघितलं, खाली उतरला आणि माझं कोपर धरलं.

"सोड," मी म्हटलं. "मला काही झालेलं नाही."

"ठावक हाय काका. कुनालाच काय झालेलं नसतं. बसा."

मी ओरडलो. जन्मभर मी लोकांना गाडीत कोंबलं, मला कुणी कोंबलं नव्हतं. पण मी जितका ओरडलो तितकी त्याची खात्री पटत गेली. फाटकापाशी सिस्टर उभीच होती. तिनं त्याचे आभार मानले आणि मला विचारलं, "फिरून आलात?" त्या विचारण्यात इतका गोडवा होता की मला त्या रात्री भात गोड लागला नाही.

आता मी इथे आलो कसा, ते सांगतो. आमचं घर शहरात, स्टँडपासून जवळ. बायको गॅस पेटवायची आणि विसरायची. ते मी सांभाळून घेत होतो. मग ती भर दुपारी उठून स्टँडवर जाऊन बसायला लागली. विचारलं की म्हणायची, मंडणगडची गाडी यायची आहे. मी शोधत जायचो आणि तिला हाताला धरून आणायचो, आणि रस्ताभर ती मागे वळून बघायची. एकदा तिला शोधता शोधता मलाच स्टँडवर चक्कर आली. पुण्याहून मुलगी आली आणि तिनं ही जागा शोधली. मी ताणून धरलं की बायकोला एकटीला ठेवणार नाही, मीही जाणार. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं वगैरे. मी ते कौतुक घेतलं. मला चहासुद्धा करता येत नाही, हे त्या वेळी कुणी काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

इथे आल्यावर माझी पायरी हळूहळू खाली घसरत गेली. आधी मी नवरा होतो. मग काही दिवस तिचा धाकटा भाऊ झालो. तो भाऊ तिला फार आवडायचा, त्यामुळे ते दिवस बरे गेले. मग मी कुणीतरी ओळखीचा झालो, आणि शेवटी "हे भाऊ" झालो. समोरच्या खोलीतले एक सभ्य गृहस्थ. ती मला पाहून पदर सावरायची. मी बोलायला लागलो की मान खाली घालून ऐकून घ्यायची. लग्नापासून आजवर तिनं माझं बोलणं इतकं शांतपणे कधी ऐकलं नव्हतं.

हे सगळं मी पचवलं असतं. बायको विसरली तर विसरली, निदान भांडत तरी नाही, असं हसण्यावारी नेलं असतं. पण तिनं जेवण सोडलं.

त्याचं मूळ जुनं आहे. माझी ड्यूटी बहुतेक मंडणगडच्या वस्तीच्या गाडीवर असायची. संध्याकाळी रत्नागिरीहून निघायचं, रात्री तिकडे मुक्काम, सकाळी परत. दुपारी जेवायच्या वेळेला पोचायला हवं. पण घाटात दरड आली, टायर बसला, कुठे लग्नाचं वऱ्हाड चढलं, की दुपारचे तीन काय आणि चार काय. मी पोचेपर्यंत ती जेवायची नाही. तिच्या माहेरी तसंच होतं. बाप-भाऊ होडी घेऊन गेलेले, ते किनाऱ्याला लागल्याशिवाय घरातल्या बायका घास घेत नसत. समुद्रावर गेलेल्या माणसाच्या आधी जेवणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. मी तिला शंभरदा सांगितलं, अगं, गाडी डांबरी रस्त्यावरून चालते, तिला भरती-ओहोटी नसते. तिचं आपलं एकच: "ते येऊ देत, मग जेवते."

लोकांत मी ही गोष्ट मिशीला पीळ देऊन सांगायचो. आमची बायको आम्ही आल्याशिवाय घास तोंडात टाकत नाही! खरी गोष्ट अशी की वाटेतल्या कुठल्यातरी स्टँडवर मी ड्रायव्हरबरोबर उसळ-पाव हाणून मोकळा झालेला असायचो. घरी आलो की ती दोन पानं वाढायची, आणि मी जेवलो नाही तर तीही उठणार, म्हणून मी पुन्हा जेवायचो. वर्षानुवर्षं मी दुपारी दोनदा जेवलो. माझं पोट जे पुढे आलं ते असं. डॉक्टर त्याला वेगळं नाव देतात.

तर आता इथे, दुपारी सगळे टेबलावर बसले, ताट समोर आलं की ती ते दोन बोटांनी पुढे सरकवायची. "ते आले नायत अजून. ते येऊ देत, मग जेवते."

आणि ते, म्हणजे अस्मादिक, बरोबर तिच्या समोर भाताचा ढीग घेऊन बसलेले!

आधी मावशी भरवून बघायच्या. इथला स्वयंपाक करणाऱ्या या मावशी तिच्याच किनाऱ्याकडच्या, दोघींची बोली एक. एखाद दिवस दोन घास जायचे, मग तेही बंद झालं. रात्री थोडी पेज, सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, एवढ्यावर ती राहायला लागली. पोलकं खांद्यावरून घसरायला लागलं. एकदा तिनं ताट सरकवलं तेव्हा हातातली बांगडी मनगटावरून सुटून आमटीत पडली. मावशींनी ती काढली, धुतली आणि परत घातली. ती परत पडली.

डॉक्टरांनी तपासलं आणि सिस्टरला बाजूला नेऊन सांगितलं, की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते मला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलत होते, पण एसटीच्या इंजिनाच्या आवाजात मागच्या सीटवरची कुजबुज ऐकायची सवय असलेला माणूस मी. नंतर सिस्टरला गाठलं. ती म्हणाली, "नळी घातली की माणसं ती ओढून काढतात, काका. मग हात बांधावे लागतात. मला काकूंचे हात बांधायचे नाहीयेत." मलाही ते बघायचं नव्हतं. मी रात्रभर त्या हातांचाच विचार करत पडलो होतो.

सकाळी मी ठरवलं की उपाय सोपा आहे. तिला नवरा हवा आहे आणि नवरा उपलब्ध आहे. फक्त ओळख पटवायचा प्रश्न. त्यात काय? मी बिनापासाच्या कॉलेजकुमारांच्या थापा बारा मैलांवरून ओळखायचो. खरं काय ते कागद दाखवून सिद्ध करायचं, की झालं.

मी सामानातून आमचा लग्नातला फोटो शोधला आणि जेवायच्या वेळी तिच्यासमोर ठेवला. तिनं तो हातात घेतला, पदरानं पुसला. चेहरा असा उजळला की मी खुर्ची पुढे ओढली.

"हे कोण?" मी विचारलं.

"हे आमचे हे," ती लाजून म्हणाली.

"आणि मी कोण? नीट बघ."

तिनं फोटो बघितला, मला बघितलं. केस बघितले, म्हणजे जिथे असायचे ती जागा बघितली. मग फोटो पदराखाली घेतला आणि म्हणाली, "यांचा फोटो तुमच्याकडं कसा आला, भाऊ?" चोरीचा आळ यायला एवढंच बाकी होतं. ताट तसंच परत गेलं.

मग मी हुकमी पान काढलं. मुलीला फोन करून शेजाऱ्यांकरवी घरच्या ट्रंकेतून माझी खाकी मागवली. शर्टाची बटणं लागेनात. वरची दोन आणि सगळ्यात खालचं लागलं, मधला प्रदेश उघडा राहिला. तो झाकायला चामड्याची पिशवी पोटावर घेतली. डोक्यावर टोपी चढवली. आरशात बघितलं तर मला तरी मीच वाटलो. बरोबर जेवायच्या वेळेला, बाहेरून दार ढकलून मी आत शिरलो.

खोलीत जी धांदल उडाली ती मी कधी विसरणार नाही, आणि बाकी कुणी लक्षात ठेवणार नाही. एक निवृत्त हेडमास्तर ताडकन उठले आणि दापोलीचं एक अर्धं तिकीट मागायला लागले. एका आजींनी उशी उचलून बोचक्यासारखी काखेत मारली. कुणी खिडकीची जागा धरली. मावशी भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि दारातच हसत खाली बसल्या. मी कुणाकडे लक्ष न देता सरळ बायकोसमोर जाऊन उभा राहिलो.

ती उभी राहिली. डोळे लकाकले. माझं काळीज सुपाएवढं झालं, खोटं कशाला सांगू?

"कंडक्टर," ती म्हणाली, "मंडणगडची वस्ती आली काय हो? आमचे हे तिच्यावर असतात. तुमी वळखत असाल."

मी भडकलो. माझा राग आमच्या डेपोत प्रसिद्ध होता, आणि तो ट्रंकेत ठेवावा लागत नाही. "अगं, मीच तो! मी! तुझा नवरा! आंधळी झालीस का?" टेबलावर हात आपटला. टोपी उडून पडली. ती मागे सरकली, भिंतीला टेकली आणि रडायला लागली. रडता रडता एवढंच म्हणत होती, "त्यांना येऊ देत. त्यांना सांगते मी. त्यांना येऊ देत." माझ्यापासून वाचवायला ती मलाच बोलावत होती. त्या दिवशी रात्रीची पेजही तिनं घेतली नाही.

सिस्टरनं मला पायरीवर गाठलं. मी खाकीतच बसलो होतो. ती रागावली असती तर मी उलट बोललो असतो. तिनं फक्त विचारलं, "काका, तुम्हाला ओळख पाहिजे, की काकूंच्या पोटात भात पाहिजे?"

मी म्हटलं, "दोन्ही." आणि तेच खरं होतं. लाज वाटली, पण खरं तेच होतं. नळीची भीती होतीच, पण त्याच्याबरोबरीनं मला असंही वाटत होतं, की तिनं जेवावं ते मला ओळखून जेवावं. इतकी वर्षं माझ्यासाठी थांबली, आता मी समोर बसलोय, तर एकदा म्हणावं, आलात? एवढंच. माझी पडलेली टोपी सिस्टरनं आणली होती, ती शेजारी ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मला शहाणपण सुचलं असं मी लिहू शकलो असतो. सुचलं नाही. मी रुसलो. पंचाहत्तरीला आलेला माणूस, बायको ओळखत नाही म्हणून रुसला आणि समोर वाढलेल्या ताटावर दुसरं ताट उपडं घालून हाताची घडी करून बसला. मावशींनी बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं झणझणीत कालवण, केलं होतं. वास नाकात शिरत होता. बघून न बघितल्यासारखं करत होतो. कालचं सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलेलं होतं, तेवढी एक सोय या आजारात आहे. तिनं आपलं ताट सरकवलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. मग तिचं लक्ष माझ्या झाकलेल्या ताटाकडे गेलं.

"भाऊ, तुमी का जेवत नाय?"

मी फुरंगटून म्हटलं, "माझी बायको आली नाही अजून. ती येऊ दे, मग जेवतो."

निव्वळ कुजकेपणानं म्हटलं. टोमणा होता तो. पण टोमणा कळायला आधी नवरा कळावा लागतो. तिनं ते जसंच्या तसं घेतलं. तिचे डोळे मोठे झाले.

"बायकोसाठी थांबलाव?"

"हो."

"अगोबाई!" ती तोंडाला पदर लावून हसली. खूप दिवसांनी हसली. "असा पुरुषमाणूस मी नाय बघितला. कुठं गेलीय ती?"

"गेलीय," मी म्हटलं. "कधी येईल सांगता येत नाही." आणि एवढं बोलताना मला तिच्याकडे बघता येईना. त्यात मात्र नाटक नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग उठली, माझ्या ताटावरचं ताट काढलं, भातात तिखलं कालवून दिलं. काटा काढून बाजूला ठेवला. हात सगळं लक्षात ठेवून होते. "असं उपाशी ऱ्हाऊन कसं चालेल? पित्त होईल. जेवा बघू."

"एकट्याला घास उतरत नाही," मी म्हटलं.

ती घुटमळली. एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खाली बसली, आपलं सरकवलेलं ताट जवळ ओढलं आणि म्हणाली, "बरं, तुमच्या सोबतीला चार घास घेतंय. तुमी सुरू करा." मावशी दारात पातेलं धरून उभ्या होत्या. सिस्टरनं त्यांना तिथेच थांबायची खूण केली. बायकोनं घास घेतला. मी घेतला. तिनं दुसरा घेतला. मी भात गिळत होतो आणि डोळ्यांतलं पाणी तिखटामुळे आहे असं दाखवत होतो. आमच्या मावशींचं तिखलं तिखट असतंच.

तेव्हापासून दुपारी हा आमचा रिवाज पडला आहे. सगळ्यांची पानं वाढली की मावशी माझं ताट झाकून आणतात. मी हाताची घडी घालून तोंड पाडून बसतो. ती विचारते, मी सांगतो, ती हसते, ती वाढते. रोज नव्यानं. एखाद्या दिवशी भूक लागली म्हणून मी आधीच घास घेतला, तर सिस्टर डोळे वटारते. एकदा मी तोंडात पापड असताना पकडला गेलो आणि त्या दिवशी ती जेवली नाही. दुपारी दोनदा जेवणाऱ्या माणसाला आता एकदा जेवण्यासाठी रोज एवढा अभिनय करावा लागतो. डॉक्टरांनी नळीचं नाव काढणं बंद केलं आहे. बांगडी आता मनगटावर टिकते.

जेवताना आम्ही गप्पा मारतो. दोन वाट बघणारी माणसं दुसरं काय करणार? मी एकदा लाडीगोडीनं विचारलं, "कसे आहेत हो तुमचे हे?" चार चांगले शब्द कानावर पडावेत ही आशा. ती विचार करून म्हणाली, "तापट हायेत. आनि बोलतात लय." मी मावशींकडे बघितलं, त्या छताकडे बघत होत्या. "सगळ्या गावांचे थांबे पाठ, पन घरात मीठ कुठं असतं ते म्हाईत नाय." तेही खरं आहे. मग जरा वेळानं, भात कालवता कालवता, ती आपणहून बोलली, "पन पायरीवर त्यांची चप्पल वाजली ना, की जिवात जीव येतो." मला या माणसाचा हेवा वाटायला लागला. सांगायला विचित्र वाटतं, पण त्या मंडणगडच्या वस्तीवरच्या तापट कंडक्टरसाठी ती ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात ती समोरच्या भाऊंशी बोलत नाही. त्यांच्याशी ती प्रेमळ आहे, एवढंच.

परवा जेवण झाल्यावर तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि खोलीकडे जायच्या ऐवजी माझ्या खुर्चीजवळ येऊन वाकली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"भाऊ, एक सांगू? ते आले ना, तर त्यांना बोलू नका हां, मी आधी जेवले म्हनून. त्यांना वाईट वाटेल."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"आनि तुमची बायको आली की मी सांगेन तिला. तुमी रोज थांबत होता म्हनून."

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही.

"सांगा," मी म्हटलं. "तेवढं नक्की सांगा तिला."